जांभळा रेडा बेपत्ता

१. तक्रार

शनिवारी सकाळी काटेवाडीतून एक रेडा नाहीसा झाला. रंग जांभळा, शिंगं पिवळी, चारी पायांत लाल मोजे. नाव महिपती. खोड एकच, फाटकात उभा राहायचा आणि कुणाचं ऐकायचा नाही.

मालकीण मेघना आधी पोलिसांत जाणार होती. पण ‘रेडा कुठं बांधला होता?’ या प्रश्नाचं उत्तर ‘मोबाईलमध्ये’ असं द्यायचं तिच्या जिवावर आलं. मग तिनं सोनमला फोन केला. दोघी एका वर्गातल्या.

सोनम सांगवीची. जनावरांच्या विम्याची चौकशी करते. म्हैस मेली असा दावा आला की ती जाऊन बघते, म्हैस खरंच मेली का, तीच मेली का, आणि याआधी कितीदा मेली. एका म्हशीला तिनं तिसऱ्यांदा मरताना पकडलं होतं. मी युवराज, तिच्याबरोबर फिरतो आणि मेलेल्या जनावरांचे फोटो काढतो. आधी लग्नाचे काढायचो, पण तिथं लोक फार हलतात.

आम्ही पोचलो तेव्हा मेघना ओट्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी तिचे वडील अप्पा मयताला आल्यासारखे उभे होते. फक्त चेहरा प्रसन्न होता.

मेघनानं वर्षभर खपून एक खेळ बनवला होता. ‘गोठ्यात गोंधळ’. मोबाईलवर सोडवायचं कोडं. दिवस मावळायला आलाय, जनावरं रानात आहेत, ती गोठ्यात आणायची. बोट लावायचं नाही, तोंडानं बोलायचं. जनावराला नावानं हाक मारायची आणि हुकूम द्यायचा. हुकूम चार. ये, थांब, वाढव, आवर. ‘वाढव’ म्हटलं की जनावर मोठं होतं, ‘आवर’ म्हटलं की लहान. आधी ‘मोठा हो’ असं होतं, पण मशीनला ते ‘फोटो’ ऐकू यायचं आणि जनावरं एका रांगेत हसून उभी राहायची.

सांगताना हे पोरकट वाटतं. पण गुलाबी कोंबडा चष्मा लावून उलटा चालतो, त्यामुळं त्याला ‘ये’ म्हटलं की तो लांब जातो. निळी शेळी लहान केल्याशिवाय पुलावरून येत नाही, आणि लहान केली की रुसून बसते. हिरवं गाढव गातं, आणि ते गात असेपर्यंतच दार उघडं राहतं. चहा येईपर्यंत म्हणून मी खेळ हातात घेतला. चहा आला, त्यावर साय धरली, आणि मी अजून शेळीची समजूत काढत होतो. हा खेळ तुम्हाला शाबासकी देत नाही. जनावर नुसतं तुमच्याकडं बघत राहतं, आणि आपल्यालाच वाटतं, चूक आपली असणार.

“मॅडम, हे भारी आहे,” मी म्हणालो.

“फोटो काढ,” सोनम म्हणाली, आणि मेघनाकडं वळली. “रेड्याच्या कानात बिल्ला आहे?”

“आहे. विकीनं काढलाय. खेळातली सगळी चित्रं त्याचीच.”

“शेवटचा कधी पाहिला?”

“मी? दिवाळीत. पाडव्याला पळसदेवला, बानूमावशीच्या दुकानात. तिथं नारळ वाढवून शेवटचा टप्पा सुरू केला. त्या टप्प्यात एकटा रेडाच आहे. तेव्हापासून तो टप्पा फक्त मावशीच्या टॅबवर उघडा होता. आज सकाळी सगळ्यांसाठी उघडला, तर हे.”

तिनं लॅपटॉप फिरवला. पडदा जांभळा होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता जांभळा. त्यावर एक माशी चालत होती. मी ती उडवायला गेलो, तर ती आत होती.

“ती विकीची माशी,” मेघना म्हणाली. “रेड्याला त्रास द्यायला ठेवलेली. ती जागेवर आहे, रेडाच नाही.”

माशी थांबली. ती जिथं थांबली तिथला जांभळा रंग किंचित थरथरला. माशी उडाली, थरथर थांबली.

“हे काय?” सोनमनं विचारलं.

“बग असेल.”

“माशीच आहे,” मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

“रेडा प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये वेगळा असतो ना?”

“बाकीची जनावरं ज्याची त्याची. शेवटचा रेडा मात्र सगळ्यांचा एकच. गावच्या वळूसारखा. एकानं हलवला की सगळ्यांकडं हलतो. आणि मशीनला विचारलं तर म्हणतं, रेडा फाटकापाशीच उभा आहे.”

“कागदावर सगळीच जनावरं उभी असतात,” सोनम म्हणाली. एवढं बोलून ती त्या माशीकडं बघत बसली.

सोमवारी पुण्याच्या एका कंपनीचा माणूस खेळ बघायला येणार होता. आवडला तर कंपनी तो सगळीकडं काढणार होती. नाही आवडला तर काय, ते अप्पांनी सांगितलं.

“आमी वरीस दिलं हिला. सोमवारी जमलं तर जमलं. न्हाय तर मंगळवारपासनं बँकेच्या परीक्षेचा क्लास.” त्यांनी दारामागून एक दप्तर काढून दाखवलं. नवं होतं. पाण्याची बाटलीपण होती.

“अप्पा, काल लॅपटॉपला कुणी हात लावला होता?” सोनमनं विचारलं.

“मी लावला. पुसला. लई धूळ हुती.”

“ओल्या फडक्यानं?”

“व्हय. पर रेडा निघंल येवढं न्हाय घासलं.” मग ते सोनमच्या कानाशी आले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं कुजबुजले. “तुमी बानूबाईला विचारा. मेघीची मावशी. हिनं रेड्याला नाव दिलंय तिच्या मालकाचं. पाडव्याला ती माझ्यादेखत बोलली, ‘ह्या रेड्याला मी सरळ करते.’”

२. मोहरीएवढा कोंबडा

आधी आम्ही बारामतीत विकीकडं गेलो. विकी दिवसभर घरात बसून चित्रं काढतो. त्याच्या आई केसरबाई दिवसभर त्याला उठवतात.

“रेडा गुलाबी होता माझा,” विकी म्हणाला. “हिनं जांभळा केला. म्हणे, गुलाबी रेड्याचा वचक राहत नाही. गुलाबी दिला कोंबड्याला, आणि कोंबड्याला नाव कुणाचं दिलं?”

“कुणाचं?”

“माझं. म्हणे, तोपण उलटा चालतो.”

“विकी, आवर!” स्वयंपाकघरातून आवाज आला.

“हो गं!”

“रागानं रेडा पुसलास?” सोनमनं विचारलं.

“पुसला असता तर पांढरा पडदा दिसला असता. जांभळा कसा राहील?” त्यानं आवाज खाली आणला. “आणि ताई, खरं सांगू? मी चित्र काढलं तेव्हा ते नुसतं चित्र होतं. मेघनानं त्याला श्वास दिला. पोट वर-खाली होतं त्याचं. मी रात्रभर बघत बसलो होतो. आपलं जनावर कोण मारंल?”

“विकी! आवर म्हणते ना! अंघोळीचं पाणी गार झालं!”

“वाढव कितीदा म्हणता येतं?” सोनमनं विचारलं.

“दिवसातून एकदा. दुप्पट होतं, बास. मेघनाची अट आहे, नाहीतर लोक पहिल्याच दिवशी शेळीचा डोंगर करतील. आवरायला मात्र अट नाही. पण आमच्याकडं खेळच बिघडलाय. हे बघा.”

त्यानं त्याचा मोबाईल दाखवला. खेळाचं अंगण होतं, गाढव होतं, शेळी रुसलेली होती. कोंबडा नव्हता.

“आहे,” विकी म्हणाला आणि दोन बोटांनी पडदा ताणला. मातीत मोहरीएवढा एक गुलाबी ठिपका होता. आणखी ताणलं. ठिपक्याला चष्मा होता. “रोज संध्याकाळी खेळ पहिल्यापासून सुरू करतो. सकाळी नाश्ता होईपर्यंत परत एवढा झालेला असतो. मी तर तोंड पण उघडत नाही.”

“विकी! आवर, आवर, आवर!” केसरबाई झारा घेऊन दारात आल्या.

आमच्या देखत ठिपका दिसेनासा झाला.

सोनमनं केसरबाईंकडं बघितलं, मग मोबाईलकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तिच्या चेहऱ्यावर कधीच काही दिसत नाही. मेलेल्या म्हशीसमोर रडणारे मालक बघून बघून तो तसा झालाय.

“काकू,” ती म्हणाली, “रेडा सापडला तर तुमचा वाटा मोठा.”

“कसला रेडा? आमच्या घरात हा येकच हाय,” केसरबाई म्हणाल्या.

३. पळसदेव

भिगवणमार्गे पळसदेवला पोचेपर्यंत दुपार कलली होती. उजनीचं पाणी काठोकाठ होतं. बानूबाईंचं किराणा दुकान पाण्याकडं तोंड करून आहे. दारात खुर्ची टाकून एक गृहस्थ बसले होते. उंबऱ्याच्या बरोबर मधोमध. गिऱ्हाईकं त्यांना वळसा घालून आत जात होती.

“महिपती?” सोनमनं विचारलं.

“व्हय. माणसातला मीच,” ते म्हणाले. “रेडा मिळाला का?”

“तुम्हाला राग नाही आला? रेड्याला तुमचं नाव दिलं म्हणून?”

“राग कसला? इंदापूर तालुक्यात कुणाच्या नावाचा जांभळा रेडा हाय, दाखवा.” त्यांनी पाण्याकडं हात केला. “तितं जुनं देऊळ हाय. दिसतंय?”

“नाही.”

“पाणी वर हाय म्हणून दिसत न्हाय. पाणी उतरलं की दिसतं. दिसत न्हाय म्हंजी गेलं, असं नसतंय.” आणि ते पुन्हा गप्प बसले. दिवसाचं बोलणं संपलं असावं.

टॅब आत गल्ल्यावर, बरण्यांच्या शेजारी उभा केलेला होता. तोही जांभळा. बानूबाई एका हातानं साखर जोखत होत्या.

“पोरीनं दिला, म्हणून ठिवलाय. पर मला खेळताच येत न्हाय की गं. नाव घेऊन हाक मारायची म्हंत्यात. मालकाचं नाव कसं घेऊ? लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच.”

“मग?”

“मग मेघीनं त्याला शिकवलं. मी ‘अहो’ म्हणलं तरी त्याला कळतंय.” पुढं त्या जरा लाजल्या. “खेळत न्हाय मी. नुसता चालू ठिवते. दिसभर बोलायला कोणतरी. लई गुणाचा. आधी लांब हुता, फाटकापाशी. मग लळा लागला, तसा जवळ जवळ यायला लागला. मग येक दिवस पडदाच पडला.”

“पाडव्याला तुम्ही म्हणालात, या रेड्याला सरळ करते.”

बानूबाईंनी उंबऱ्याकडं हात केला. “ह्यांस्नी म्हणलं हुतं गं मी. नारळाचं पाणी सांडलं, तरी खुर्ची हलवली न्हाय.”

सगळे संशयित संपले होते. अप्पांनी घासला नव्हता, विकीनं पुसला नव्हता, मावशीला हाकसुद्धा मारता येत नव्हती. मी बाईकची किल्ली काढली. सोनम मात्र टॅबकडं बघत उभी होती. माशी चालत आली, बसली. जांभळा रंग थरथरला. आणि नीट बघितलं तर तो सगळा रंग हळूहळू उजळत होता, हळूहळू गडद होत होता, पुन्हा उजळत होता.

दिवस मावळला. शेवटचं गिऱ्हाईक वळसा घालून गेलं. बानूबाईंनी बरण्यांची झाकणं लावली, पदर खोचला आणि दाराकडं तोंड करून रोजच्या आवाजात ओरडल्या.

“अहो! वाढवा आता!”

महिपती हलले नाहीत.

पण टॅबमधून, फार खालून, एक हुंकार आला. “हंऽऽम्.”

सोनमनं माझ्या हातातली किल्ली घेतली. “उद्या सगळ्यांना काटेवाडीला बोलाव,” ती म्हणाली. “रेडा जिवंत आहे. आणि तो आत्ता आपल्यासमोर उभा आहे.”

४. मागं, आणखी मागं

रविवारी काटेवाडीच्या ओट्यावर सगळे जमले. अप्पा, मेघना, विकी, विकीला आवरून घेऊन आलेल्या केसरबाई, बानूबाई. महिपती दारात खुर्ची टाकून बसले, मधोमध.

“मी मेलेली जनावरं बघते,” सोनम म्हणाली. “जनावर मेलंय की पडून आहे, हे ओळखायची एक सोपी खूण असते. माशी. जित्या जनावराच्या अंगावर माशी बसली की तेवढंच कातडं थरथरतं. मेलेल्याचं नाही. हा जांभळा पडदा बघा. माशी बसते तिथंच थरथरतोय. वर-खाली झाल्यासारखा उजळतोय, गडद होतोय. विकी, पोट कुणाचं वर-खाली होतं?”

“रेड्याचं,” विकी म्हणाला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

“रेडा गेला नाही. रेडा इतका मोठा झालाय की पडद्यावर त्याच्याशिवाय दुसरं काही मावत नाही. आपण कालपासून त्याच्या पोटाकडं बघतोय.”

“अशक्य,” मेघना म्हणाली. “दिवसातून एकदाच वाढतो. दुप्पटच.”

“रोज एकदा. पाडव्यापासून. आज दुप्पट, उद्या त्याच्या दुप्पट.”

“पण म्हणालं कोण? तो टप्पा फक्त मावशीकडं होता, आणि मावशी नावच घेत नाही!”

“मला विकीच्या कोंबड्यानं सांगितलं. कोंबड्याचं नाव विकी. घरात दिवसभर कोण म्हणतं, ‘विकी, आवर’?”

सगळ्यांनी केसरबाईंकडं बघितलं. केसरबाईंनी विकीकडं बघितलं.

“खेळ मोबाईलसमोर बसलेल्याचंच ऐकत नाही. घराचं ऐकतो. आता मावशी, मला सांगा, नारळ फोडला असं आपण म्हणतो का?”

“छ्या! शुभ कामाला फोडला कसं म्हणायचं? वाढवला म्हणायचं.”

“बांगडी फुटली तर?”

“वाढली.”

“आणि दुकान बंद करायचं असेल तर?”

“बंद न्हाय म्हणू गं. लक्ष्मी हाय ती. दुकान वाढवा म्ह...” बानूबाईंनी पदर तोंडाला लावला.

“रोज दिवस मावळताना,” सोनम म्हणाली, “गल्ल्यापासून दाराकडं. ‘अहो, वाढवा आता.’ मेघनानं मशीनला शिकवलेलं, अहो म्हणजे महिपती. काकांनी एकदासुद्धा ऐकलं नाही. रेड्यानं रोज ऐकलं.”

महिपतींनी पहिल्यांदाच मान वळवली.

“मेघना, कॅमेरा मागं घे.”

मेघनानं घेतला. जांभळा. “आणखी मागं.” जांभळा. आणखी मागं. अप्पा लॅपटॉपवर एवढे वाकले की त्यांची टोपी बटणांवर पडली. मागं, मागं. मग जांभळ्याला एक कड आली. कडेबाहेर आभाळ दिसलं. एक कान आला, त्यातला पिवळा बिल्ला आला, आणि शेवटी सगळा रेडा. एक खूर काटेवाडीत, एक इंदापुरात. त्याच्या लाल मोज्याशी एक निळा थेंब होता. ती विकीनं काढलेली उजनी. फाटक होतं ते ज्वारीच्या दाण्याएवढंही नव्हतं, पण रेडा फाटकापाशीच उभा होता. मशीन खोटं बोललं नव्हतं.

तो आमच्याकडं बघत होता. चूक आमचीच होती.

“लई चांगलं अंग धरलंय,” महिपती म्हणाले.

“मी आत्ता हातानं लहान करते,” मेघना म्हणाली.

“नको,” सोनम म्हणाली. “एका रेड्यानं आपल्याला दोन दिवस पळवलं. उद्याच्या पाहुण्याला का सोडायचं?”

५. पाहुणा

कंपनीच्या माणसाचं नाव अजित. सोमवारी दुपारी आला, घड्याळ बघत. म्हणाला, अर्धा तास आहे. कोंबड्यापाशी त्यानं घड्याळ बघणं सोडलं. गाढवापाशी बूट काढून मांडी घातली. शेळी रुसली तेव्हा तो तिला इतक्या हळू आवाजात काहीतरी म्हणाला, की आम्ही दुसरीकडं बघितलं.

मग शेवटचा टप्पा. जांभळा पडदा. खाली एवढंच लिहिलेलं, ‘महिपतीला फाटकातून आत आणा.’

“हे बंद पडलंय,” अजित म्हणाला.

मेघना नखं खात होती. अप्पांच्या हातात दप्तर तयार होतं.

चहा आला, निवला, दुसरा आला. अजितला ड्रायव्हरचा फोन आला, त्यानं कापला. माशी चालत आली, बसली. तो पुढं वाकला. माशी उडाली, पुन्हा बसली. तो आणखी वाकला, आणि एकदम मागं सरकला, खरंच अंगावर आल्यासारखा.

“अरे,” तो म्हणाला. “अरे! हे पोट आहे!”

मेघनानं नख सोडलं.

अजित उभाच राहिला आणि घशाच्या शिरा ताणून ओरडला, “महिपती, आवर!”

“आवर?” दारातून आवाज आला. महिपती खुर्चीत ताठ झाले होते. “साडूच्या दारात बसून ऐकून घेतोय म्हणून काय? तू कोण रं मला आवर म्हणणारा?”

अजितला काही कळेना. तो घाबरून गप्प झाला. लॅपटॉपवर रेडा एकदाच, अर्धा, लहान झाला होता. अजून ढीग बाकी होता, आणि पाहुणा तोंड उघडायला तयार नव्हता. अप्पांनी दप्तराचा पट्टा खांद्याला लावून बघितला.

बानूबाई कोपऱ्यातून उठल्या. कुणाकडं बघितलं नाही. पदर खोचला.

“अहो,” त्या म्हणाल्या. “आवरा. आवरा की आता. आवरा, आवरा, आवरा!”

त्या थांबेनात, आणि रेडा लहान होत गेला. कान दिसला, बिल्ला दिसला, शिंगं दिसली, फाटक दिसलं. “या आता,” मावशी म्हणाल्या, आणि जांभळा रेडा लाल मोजे उचलत, मान खाली घालून, फाटकातून आत गेला.

दारातली खुर्चीही सरकली होती. महिपती उठून कपबशा गोळा करत होते. ट्रे घेऊन ते आमच्यासमोरून आत गेले तेव्हा मी फोटो काढला. थोडा हलला.

अजित संध्याकाळी निघाला. खेळ कंपनीनं घेतला, एका अटीवर. शेवटच्या टप्प्यात रेडा पोटापासूनच दिसला पाहिजे. गाडीत बसताना त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, निळी शेळी घरी नेता येईल का.

गाडी वळणाआड गेली. अप्पा दप्तर धरून ओट्यावरच उभे होते.

“मेघे, मग ते क्लासचं काय?”

“वाढवला, अप्पा.”

अप्पांचा चेहरा उजळला. “असं? किती महिन्यांनी?”